चौतीस इंच

डॉक्टरांचा टेप तुटला आणि रांगेतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

माझा टेप गळ्यातच होता. तो तिथे कायमच असतो. तीस वर्षं शिवणकाम केल्यावर आंघोळ झाली की शर्टाआधी टेप अंगावर चढतो, आणि मी तसाच बाजारात, देवळात, अगदी मयतीलासुद्धा जातो. बायको, वत्सला, होती तेव्हा दारात अडवून तो काढून घ्यायची. ती गेल्यापासून आठवण करून देणारं घरात कुणी नव्हतं.

"टेलरमामा, या इकडं," डॉ. हिरेमठ म्हणाले. "मी दाखवतो तिथं टेप लावायचा आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा. सिस्टर लिहून घेतील."

ही गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. दिवाळीला पंधरा दिवस होते. गडहिंग्लजमध्ये दिवाळी म्हणजे फुटबॉल, फराळ नंतर. त्या वर्षी स्पर्धा भरवणाऱ्यांनी नवा नियम काढला होता, की पंचेचाळिशीच्या पुढच्या पंचांनी डॉक्टरांचं कार्ड घ्यायचं, नाहीतर शिट्टी मिळणार नाही. म्हणून रविवारी सकाळी हायस्कूलच्या हॉलमध्ये चौदा पंच रांगेत उभे होते. पंधरावा मी. माझा फुटबॉलशी संबंध पंचांचे काळे शर्ट शिवण्यापुरता. मला मल्लाप्पानं ओढून आणलं होतं.

"चल की, तुझंबी बीपी बघू फुकटात," तो म्हणाला होता. खरं कारण ते नव्हतं. त्याला एकट्याला डॉक्टरांसमोर जायची भीती वाटत होती.

मल्लाप्पा कोरी आमच्या हायस्कूलचा पी.टी.चा मास्तर. चौथीपासून आम्ही एका बाकावर. गावात सगळे त्याला कोरी सर म्हणत, त्याच्या शिट्टीला आमदाराचा पोरगासुद्धा थांबत असे. वय त्रेपन्न. हातपाय सडपातळ, गाल बसलेले, मान बारीक. मागून बघितलं तर तिशीतला वाटायचा. पुढून बघितलं की पोट दिसायचं. लोंबणारं, मऊ असं नव्हे. गच्च, पुढे आलेलं, टिचकी मारली तर वाजेल असं. पण त्याला कुणी जाडा म्हटलेलं मी ऐकलं नाही, कारण जाडा तो नव्हताच. वजनकाट्यावर उभा राहिला तर अडुसष्ट किलो.

"कॉलेजात चौतीस कंबर होती, आज बी चौतीस," तो पोरांना सांगायचा. "विचारा रघू टेलरला."

पोरं मला विचारायची आणि मी मान हलवायचो. त्यात खोटं काही नव्हतं. पँटच्या मापात कंबर असते आणि शर्टाच्या मापात पोट असतं. लोकांना वाटतं दोन्ही एकच. पोट पुढे यायला लागलं की माणूस पँट पोटाखाली घालू लागतो. पट्टा दर वर्षी थोडा खाली सरकतो. तिथे हाड असतं, आणि हाड काही फुगत नाही. म्हणून मल्लाप्पाची कंबर चौतीसवर थांबली होती आणि माझ्या मापाच्या वहीत, त्याच पानावर, शर्टाखालचा पोटाचा आकडा साडेपस्तीसवरून बेचाळीसवर गेला होता. त्याला तो मी कधी सांगितला नाही.

आमच्या धंद्यात असंच चालतं. गिऱ्हाईक हळवं असेल तर तोंडानं दोन इंच कमी म्हणायचं आणि वहीत खरं लिहायचं. हे मला वडिलांनी शिकवलं. कपडा अंगाला बसला की माणूस खूश होतो, वही उघडून बघायला कोण येतो? मी एकदाच हा नियम मोडला. एका कॉन्ट्रॅक्टरला सरळ सांगितलं, "साहेब, चव्वेचाळीस झालं." तो हसला, माप देऊन गेला, कपडे घेऊन गेला आणि परत कधी दुकानाची पायरी चढला नाही.

डॉ. हिरेमठ तरुण होते, गावात येऊन दोनच वर्षं झालेली. माझा टेप हातात घेऊन त्यांनी पहिल्या माणसाच्या पोटावर जागा दाखवली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध.

"पट्ट्यावर नाही, इथं," ते म्हणाले. "आणि श्वास सोडल्यावर."

"एवढं काय हाय त्यात, डॉक्टर?" रांगेतून कुणीतरी म्हणालं. "पोट सगळ्यांचंच सुटतंय."

"पोट दोन तऱ्हेनं सुटतं. चिमटीत धरता येते ती चरबी कातडीखालची. ती दिसायला वाईट, पण त्यामानानं गरीब. दुसरी आत बसते, लिव्हरच्या भोवती, आतड्यांच्या भोवती. ती चिमटीत येत नाही, पोट बाहेरून घट्ट लागतं. हातपाय बारीक आणि पोट असं, त्या माणसाची मला जास्त काळजी. तीच चरबी पुढं शुगर वाढवते, बीपी वाढवते, हार्टला त्रास देते. वजनकाट्यावर ती कळेलच असं नाही. टेपवर कळते."

"मग किती पाहिजे?"

"आपल्याकडच्या पुरुषांना साडेपस्तीस इंचाच्या आत. त्याच्या वर असेल त्यानं आधी रक्त तपासायचं, ईसीजी करायचा, मग शिट्टी."

मी कापड न बघता हात लावून सांगू शकतो की सुती आहे की मिसळीचं. डॉक्टर बोलत होते तेव्हा मला तसंच झालं. ते मल्लाप्पाकडे बघतही नव्हते, पण बोलत होते ते त्याच्याबद्दल. मागे वळून बघितलं. मल्लाप्पा शेजारच्याला ऑफसाइडचं काहीतरी समजावून सांगत होता.

मी मापं घ्यायला लागलो. अडतीस, छत्तीस, चाळीस, साडेतेहेतीस. सगळी खरी म्हटली. ज्यांची जास्त निघाली ते खिडकीपाशी वेगळे उभे राहिले, एकमेकांच्या पोटावर हात मारत. दोघांनी माझ्याकडे रागानं बघितलं. दोघंही माझी गिऱ्हाइकं होती, पण त्यांचं मला काही वाटलं नाही.

अकरावा नंबर मल्लाप्पाचा.

तो पुढे आला, शर्ट वर केला आणि सवयीनं पोट आत ओढलं. "श्वास सोडायचा, सर," सिस्टर म्हणाल्या. डॉक्टर पलीकडच्या टेबलावर दुसऱ्याचं बीपी बघत होते. मल्लाप्पानं श्वास सोडला. मी टेप फिरवला. अंगठ्याखाली साडेबेचाळीस आलं.

"म्हण की," मल्लाप्पा हळू म्हणाला.

त्यानं माझ्याकडे बघितलं ते मला अजून आठवतं. विनवणी नव्हती त्यात. वीस वर्षं शिट्टी वाजवलेला माणूस, त्याला ठाऊक होतं की पुढची पाच-सहा वर्षंच उरलीत. स्पर्धेच्या दिवसांत तो वेगळाच माणूस व्हायचा, चालसुद्धा बदलायची. मी आकडा खरा म्हटला असता तर तो खिडकीपाशी उभा राहिला असता, पोरांमध्ये हसं झालं असतं, आणि ते माझ्या तोंडून झालं असतं.

पण मी त्याचा विचार केला असं सांगितलं तर तेही खरं नाही. मी विचार केला तो संध्याकाळचा.

वत्सला गेली त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. मुलगी इचलकरंजीला दिलेली. वत्सला गेल्यावर पहिला महिनाभर मी स्वयंपाक केलाच नाही. दुकानाचं शटर ओढायचं, मागच्या खोलीत चहा करायचा, दोन खाऱ्या बुडवायच्या आणि झोपायचं. मल्लाप्पा एकदा संध्याकाळी आला, खारीचा पुडा बघितला आणि पाट ओढून बसला.

"मला भूक लागलीया," तो म्हणाला. "कायतरी कर."

"घरी जा की जेवायला."

"घरी न्हाई लागत. इथं लागलीया."

मी पिठलं केलं. भाकरी मला वत्सलाच्या आजारपणात यायला लागली होती. त्यानं तीन खाल्ल्या, म्हणून मीही दोन खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी साडेसातला तो परत आला. तिसऱ्या दिवशी मी विचारलंच नाही, पीठच जास्त घेतलं. तो लिंगायत, म्हणून माझ्याकडचं मटण बंद झालं. त्याला शेंगदाण्याची चटणी आणि लोणी आवडतं, म्हणून ते सुरू झालं. एकट्यासाठी भाकरी थापायला हात उचलत नाही. दोघांच्या सहा थापायला काही वाटत नाही. दिवसभर मी मशीनवर बसून गिऱ्हाइकांशी चार शब्द बोलायचो ते लांबी-रुंदीचे. बाकी जे काही बोलायचो ते साडेसात ते सव्वाआठ. सव्वाआठला तो उठायचा. कितीही रंगात आलेली गोष्ट असू दे, घड्याळ बघून उठायचाच. मला वाटायचं, घरी टीव्हीवर कसली तरी मालिका बघतो.

खरा आकडा सांगितला तर आज संध्याकाळी हा येणार नाही. एवढंच माझ्या डोक्यात आलं. तो कॉन्ट्रॅक्टर आठवला, त्याचं हसून जाणं आठवलं.

मी टेप खाली सरकवला. पट्ट्यावर, पँटला लावतो तिथे.

"चौतीस," मी म्हणालो.

सिस्टरनी लिहिलं. पलीकडून डॉक्टरांनी मान वर केली. "चौतीस? वाटत नाही."

"तीस वर्षं मापं घेतोय तो, डॉक्टर," मल्लाप्पा म्हणाला. "कोल्हापूरची माणसं येत्यात त्याच्याकडं."

"मग त्यांच्यापुढं मी काय बोलणार," डॉक्टर हसले. त्याचं बीपी थोडं जास्त आलं. मीठ कमी करायला सांगून त्यांनी कार्डावर सही केली.

त्या संध्याकाळी मल्लाप्पानं चार भाकरी खाल्ल्या. कार्ड खिशातून काढून त्यानं दोनदा दाखवलं. मी त्याच्या ताटात लोण्याचा गोळा वाढला. मनात काहीतरी टोचत होतं, पण तो समोर बसला होता, बोलत होता, बोटं चाटत होता, आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, खूपच बरं वाटत होतं.

पाडव्याच्या दिवशी दुपारची मॅच होती. मी सहसा जात नाही, पण नवा काळा शर्ट मी शिवला होता आणि तो पळताना कसा बसतो ते बघायचं होतं. दुसरा हाफ सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. चेंडू पार डाव्या कोपऱ्यात होता. मल्लाप्पा मैदानाच्या मधोमध थांबला आणि त्यानं शिट्टी वाजवली.

खेळ थांबला. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, फाऊल कुणी केला ते कुणाला कळेना. एका बाजूच्या कॅप्टननं हात वर करून, काय झालं सर, असं विचारलं. मल्लाप्पा आधी गुडघ्यांवर वाकला आणि मग खाली बसला. शिट्टी तोंडातच होती.

मी कुंपणावरून कसा उतरलो ते मला ठाऊक नाही. जवळ गेलो तेव्हा तो घामानं निथळत होता आणि डावा हात चोळत होता. शर्टाची मधली दोन बटणं कुणीतरी सोडली होती. "पोट दुखालंय रे, रघू," तो म्हणाला. "पित्त झालंय बघ."

पित्त नव्हतं. डॉ. हिरेमठांनी इंजेक्शन देऊन त्याला गाडीत घातलं आणि कोल्हापूरला पाठवलं. तिथे हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. तीन दिवस तो काचेच्या आत होता. मी आणि गौरावहिनी, त्याची बायको, बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. वहिनी जप करत होत्या. मी काय करत होतो ते सांगता येत नाही. त्यांचा मुलगा पुण्याहून आला, त्यानं मला डबा आणून दिला, आणि मी तो न उघडताच परत दिला.

तो वाचला. बाराव्या दिवशी त्याला परत आणलं. पहिल्या तपासणीला आम्ही तिघं डॉ. हिरेमठांकडे गेलो. सकाळचे अकरा वाजले होते. डॉक्टरांनी त्याला तपासलं, नवा टेप काढून पोटाचं माप घेतलं, आणि सिस्टरबरोबर आतल्या खोलीत ईसीजीला पाठवलं. मग टेबलावरची जुनी फाईल उघडली.

"दवाखान्यात बारा दिवस काढूनसुद्धा आज साडेएकेचाळीस आहे," ते म्हणाले. "आणि हे कार्ड. चौतीस." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मामा, माणूस महिन्यात साडेसात इंच वाढत नाही."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना अजून काही कळलं नव्हतं.

"मी टेप खाली लावला," मी म्हणालो. "पट्ट्यावर. खरं साडेबेचाळीस होतं."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

डॉक्टरांनी फाईल मिटली. "माझीही चूक आहे," ते म्हणाले. "डोळ्यांना दिसत होतं. घाई होती, मी सही केली. पण तो आकडा कार्डावर असता तर मी ह्यांना मैदानात सोडलं नसतं. त्याच आठवड्यात शुगर कळली असती. शुगर आहे त्यांना, बहुतेक दोन-तीन वर्षांपासून."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. त्या रडल्या नाहीत. माझ्याकडे बघायच्या मात्र थांबल्या.

डॉक्टरांनी कोरा कागद घेतला. "आता जेवणाचं. वहिनी, संध्याकाळचं काय असतं ते सांगा. काही लपवू नका."

"लपवायचं काय त्यात? साडेआठला जेवतात हे. माझ्यासंगंच. मी थांबते, हे आल्याबिगर जेवत न्हाई मी, लग्न झाल्यापासनं. तीन भाकरी, कालवण, आमटी-भात. कधी कमी खाल्लं तर मीच वाढते."

मी म्हणालो, "वहिनी, संध्याकाळी तो माझ्याकडे जेवतो."

"तुमच्याकडं? तुमच्याकडं चहाला येतात हे."

"जेवतो. साडेसातला. तीन भाकरी, लोणी. रोज."

"रोज म्हंजे?"

"सात वर्षं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आतून सिस्टरचा आवाज येत होता, हात सैल सोडा सर, हलू नका.

माझ्या डोळ्यांसमोर ते वहीतलं पान आलं. साडेपस्तीस हा आकडा मी वत्सला गेली त्या वर्षी लिहिला होता. मग सदतीस, मग साडेअडतीस. दर वर्षी मीच माझ्या हातानं टेप फिरवून मोजत होतो, आणि मी काय मोजतोय ते मला कळत नव्हतं. माझं जेवण होऊ दे म्हणून तो माझ्याकडे पोटभर जेवायचा आणि सव्वाआठला उठून, बायको थांबली असेल म्हणून, घरी जाऊन पुन्हा पोटभर जेवायचा. ती वाईट वाटून घेईल म्हणून तिला सांगायचा नाही. मला सांगितलं असतं तर मी दुसऱ्या दिवसापासून चूल पेटवली नसती, म्हणून मलाही नाही.

"असं चालणार नाही," डॉक्टर म्हणाले. आवाज मऊ होता. "एकदाच जेवायचं, तेही निम्मं. तुम्हा दोघांपैकी एकानं थांबायला पाहिजे."

वहिनींनी थांबायचं कारणच नव्हतं.

"माझ्याकडचं बंद," मी म्हणालो.

घरी जाताना रिक्षात मल्लाप्पा मधे बसला होता. त्यानं दोघांच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "मी मरणार हाय काय? सांगा की मग." कुणी हसलं नाही.

पुढच्या पंधरवड्यात मी त्याच्याकडे गेलो नाही. गेलो असतो तर दार वहिनींनी उघडलं असतं. एका संध्याकाळी शटर अर्धं खाली घेतलं तेवढ्यात त्याची चप्पल वाजली. साडेसात वाजले होते. डॉक्टरांनी त्याला रोज चालायला सांगितलं होतं आणि तो चालत माझ्याकडेच आला होता. बारीक झाला होता, शर्ट खांद्यावरून उतरत होता. पाट ओढून बसला.

"मी जेवलोय," मी म्हणालो.

त्यानं स्टोव्हकडे बघितलं. कोरडी परात भिंतीला टेकवलेली होती. "काय जेवलास?"

"भात."

"तुला खोटं बोलायला येत न्हाई, रघू. पैल्यापासनं न्हाई." त्यानं पोटावरून हात फिरवला. "टेप बेंबीवरनं काढून खाली नेलास, ते मला कळलं न्हाई होय? पोट माझंच हाय."

"मग बोलला का नाहीस?"

"मला शिट्टी पाहिजे होती." मग हसून म्हणाला, "आणि तू माझ्यासाठी खोटं बोललास, ते बरं बी वाटलं."

ते ऐकवेना. "तुझ्यासाठी नव्हे," मी म्हणालो. "खरं सांगितलं तर तू रुसून यायचा बंद होशील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला एकट्यानं जेवायची भीती वाटते, मल्लू. तुझं काय होईल ते मी बघितलंच नाही. डॉक्टर सांगत होते, तू ऐकत नव्हतास, मी ऐकत होतो. सगळं ऐकून म्हणालो."

तो पाटावर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "तुझ्यावर उपकार म्हणून जेवायचो, असं समजू नको हं. पिठलं तुझं चांगलं असतंय. गौराच्या पिठल्याला तसली चव न्हाई. तिला सांगशील बिंगशील."

"उद्यापासून येऊ नकोस."

"जेवणार न्हाई. नुसता बसतो की."

"तू नुसता बसणारा माणूस आहेस का? मी एकटा खातोय हे बघून तू एक घास उचलणार. मग दुसरा. मी नको म्हणणार नाही, मला ठाऊक आहे माझं. मी तुला वाढणार." माझा आवाज चढला होता. "वहिनी थांबल्यात तिकडं. त्यांच्याबरोबर जेव. एकदाच जेव."

त्यानं वाद घातला नाही. भिंतीला हात टेकून उठला. उठताना त्याला पूर्वी पोटाची अडचण व्हायची, ती आता कमी झाली होती. शटरखालून वाकून बाहेर पडला आणि बाहेरूनच म्हणाला, "भात तरी लाव आता. खरंच."

मी लावला नाही. बसून राहिलो.

तो परत संध्याकाळी आला नाही. मी सांगितलेलं त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. वहिनींनी मला कधी घरी जेवायला बोलावलं नाही, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही बोलवावंसं वाटलं नसतं. लग्नकार्यात भेटलो तर त्या बरं आहे ना, भावजी, असं विचारतात. मल्लाप्पानं शिट्टी सोडली. कपडे तो आता रेडिमेड घेतो. मुलगा पुण्याहून पाठवतो.

आज तो एकाहत्तर वर्षांचा आहे, शुगर आटोक्यात आहे. रोज सकाळी सहाला माझ्या दुकानावरून झपाझप चालत जातो. मी दार झाडत असतो. तो हात वर करतो, मी करतो. थांबला तर चालणं मोडतं, म्हणून थांबत नाही. डॉक्टरांनीच तसं सांगितलंय.

संध्याकाळी साडेसातला मी दोन भाकऱ्या थापतो. थापताना मनात येतं की तासाभरानं तो आपल्या घरी, आपल्या बायकोबरोबर, एकदाच जेवेल आणि उद्या सकाळी दारावरून जाईल. एवढं मला पुरतं, असं मी मुलीला फोनवर सांगतो. पुरत नाही.